नैवेद्याच्या डब्यासह झाडावर

लालबाग, मुंबई
कार्तिक वद्य पंचमी

श्रीयुत नाना यांस लालबागेहून गुणाजीचा हात जोडून नमस्कार. तुमच्या पोटातली जळजळ कोकमाच्या पाण्याने कमी झाली का, ते आधी लिहा. वहिनींच्या गुडघ्याला तेल चोळणे मध्येच सोडू नका, गुण यायला वेळ लागतो. आम्ही इकडे सातेरीच्या कृपेने खुशाल आहोत. माझे दोन्ही तळहात सोललेले आहेत आणि डावी पोटरी खरचटली आहे, म्हणून अक्षर नेहमीसारखे नाही (पोटरीचा अक्षराशी संबंध नाही हे मला कळते, पण मांडी घालून बसलो की ती दुखते आणि हात हलतो).

तुम्ही रागावला आहात हे तुमच्या कार्डावरून कळले. मुंबईला परतताना आगबोट मालवणच्या बंदरात थांबली असता तुमच्या शेजारच्या बुधाजीने मला डेकवर पाहिले, मी त्याला पाहताच घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि ही हकीगत त्याने त्याच संध्याकाळी तुमच्या पडवीत बसून सांगितली, हे सगळे खरे आहे. दिवाळीच्या दिवसांत बहिणीच्या नवऱ्याने बायकोच्या माहेरच्या बंदरावरून परस्पर जावे, हे मलाही शोभले नाही. पण नाना, त्या वेळी माझ्या कमरेला धोतर नव्हते. कोंडीरामाची खाकी अर्धी चड्डी होती, आणि कोंडीराम माझ्याहून पुष्कळ बारीक आहे. अशा वेषात मेहुण्याच्या दारात उभे राहण्यापेक्षा मी घोंगडीत राहणे पत्करले. धोतर कुठे गेले, ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे, आणि ते सांगायचे तर आमच्या मालनच्या स्थळापासूनच सुरुवात करावी लागेल.

तुम्ही शिमग्यात मालनसाठी गिरगावच्या रघुचे स्थळ सुचवलेत. मुलगा छापखान्यात खिळे जुळवतो, आईबाप लहानपणीच गेले, मावशीने वाढवले, सुपारीचेही व्यसन नाही. हे सगळे तुम्ही लिहिले होते आणि सगळे तसेच निघाले. एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नव्हती. सुट्टी मिळाली की हा मुलगा सोबती जमवून डोंगरात जातो आणि तिथे कापडाची राहुटी ठोकून जमिनीवर झोपतो. मला हे काही केल्या समजेना. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीसाठी माणसे देव पाण्यात ठेवतात, आणि याला गिरगावात हवेशीर खोली असून हा ती सोडून झाडाखाली निजतो. ज्याला स्वतःच्या छपराची किंमत नाही त्याच्या छपराखाली मुलगी कशी द्यायची? मी काही महिने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तुमची बहीण हो म्हणून बसली होती. मालन माझ्यासमोर काही बोलत नाही, पण आईला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, की बाबांना पसंत नसेल तर राहू दे, पण मग दुसरे कुणी दाखवू नका. हे मला रात्री जेवताना सांगण्यात आले आणि मग मला जेवण गेले नाही.

शेवटी रघुची मावशी गंगुबाईच म्हणाल्या, "तुमचा संशय इथं चहा पिऊन जायचा नाही. जा त्याच्याबरोबर, झोपा त्याच्या राहुटीत, आणि मग काय ते सांगा." बाई स्पष्ट आहेत. भाऊबीज झाली की वेंगुर्ल्याहून वर घाटात जायचे ठरले. रघु, त्याचे तीन सोबती आणि मी. आधाराला म्हणून मी कोंडीरामाला घेतले. तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो आणि मिलमध्ये माझ्याच साळखात्यात विणकामाचे साचे चालवतो. शेकडो साच्यांच्या खडखडाटावर ओरडून त्याचा आवाज असा तयार झाला आहे की आता संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात समितीवाले त्याला पुढे ठेवतात आणि कर्णा मागच्यांना देतात. त्याने "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हटले की परळपर्यंतच्या चाळींतून "झालाच पाहिजे" परत येते. (द्विभाषिकाचे घोंगडे अजून भिजतच पडले आहे, पण त्यात कोंडीरामाची कसूर नाही.)

तुमच्या बहिणीने अंघोळ करून, ओलेत्याने, बेसनाचे लाडू वळले. ते कुणी चाखले नाहीत. डबा फडक्यात बांधून माझ्या हाती दिला आणि सांगितले, की डोंगरावर जो कुणी राखणदार असेल त्याला सकाळी अंघोळ करून हा नैवेद्य दाखवा आणि मालनचे जमू दे म्हणून सांगा. मी बरे म्हटले. माझ्या मनात मात्र असे होते, की या मुलात काही खोट असेल तर देवाने मला ती डोंगरावर दाखवावी. म्हणजे डबा एकच, देव एकच आणि मागणी दोन तऱ्हांची. देवाने दोन्हींकडे लक्ष दिले असे आता वाटते.

आगबोटीवर रघुने आम्हाला अस्वलांविषयी सांगितले. त्या रानात अस्वले आहेत हे मला तिथेच कळले. एका निवृत्त जंगल अधिकाऱ्याचे अस्वलांवरचे पुस्तक त्याच्या छापखान्यात छापले गेले आणि त्याने ते खिळा खिळा जुळवले, त्यामुळे ते त्याला पाठ आहे. अस्वलाला दिसते कमी आणि ऐकूही फार येत नाही, पण नाक असे, की जमिनीखालची वाळवी त्याला वरून कळते. ते माणूस खायला येत नाही. आपण अचानक पुढ्यात गेलो की घाबरते आणि घाबरले की फाडते. म्हणून रानातून जाताना बोलत, गात जावे, म्हणजे ते आधीच बाजूला होते. मागच्या पायांवर उभे राहिले तर अंगावर येते आहे असे समजू नये, ते वास घेऊन बघत असते. पिलू दिसले तर आल्या पावली मागे फिरावे, आई जवळपास असतेच. समोर आलेच तर पळू नये, झाडावर चढू नये (ते आपल्याहून चांगले चढते), एकत्र उभे राहून शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरावे. पाडलेच तर पालथे पडून मान हातांनी झाकावी. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की खाण्याची एकही वस्तू झोपायच्या जागी ठेवायची नाही. स्वयंपाक लांब, आणि सगळे अन्न एका पोत्यात घालून त्याहून लांब झाडाला उंच टांगायचे.

मी ऐकून घेतले. पण नाना, मला वाटले, मी कोकणातला, मला रान कोण शिकवणार? (माझे सारे बालपण समुद्राकाठी माडांत गेले आणि तिथे डोक्यावर पडण्याजोगा नारळ सोडला तर भिण्यासारखे काही नव्हते, हे मला तेव्हा आठवले नाही.) शिवाय अस्वल माझ्या पाहण्यातले होते. लालबागेत दरवेशी यायचा, त्याचे अस्वल पायात चाळ बांधून नाचायचे आणि सलाम करायचे. मालन लहानपणी रात्री दचकायची, तेव्हा तिची भीती जावी म्हणून आम्ही तिला त्याच्या पाठीवर बसवली होती. कोंडीराम तर म्हणाला, "अस्वालाक कित्याक भियाचा? माझ्या हातची बिडी ओढली हा त्याने." रघु हसला नाही. म्हणाला, "त्याचे दात काढलेले असतात, काका." हे उत्तर मला थोडे उद्धट वाटले आणि मी मनात एक खूण केली.

डोंगर चढताना आवाज करायचे काम कोंडीरामाकडे होते आणि त्याने ते असे केले की अस्वलच काय, पाखरूही दिसले नाही. जागा निवडताना रघुने फार वेळ घेतला. एक सपाट जागा वाळवीच्या वारुळामुळे नाकारली, दुसरी उंबराखाली होती म्हणून नाकारली, तिसरी पाण्यावर जाणाऱ्या जनावरांच्या वाटेवर आली. मला वाटले, हा मुलगा खोली घ्यायला गेला तर मालन म्हातारी होईल. मग राहुटी ठोकण्याआधी मी आपल्या रीतीप्रमाणे नारळ ठेवून राखणदाराला गाऱ्हाणे घातले. गिरगावची मुले असली तरी मूळची आपल्याकडचीच. सगळ्यांनी माना खाली घालून "व्हय म्हाराजा" म्हटले. रघुनेही म्हटले. फक्त नंतर विचारले, की देवाच्या वाटणीचे खोबरे ओढ्यापलीकडे ठेवले तर चालेल का. मी चालेल म्हटले, पण दुसरी खूण केली.

आणि आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी सगळ्यांचे अन्न पोत्यात जमा झाले. तांदूळ, कांदे, गूळ, आणि वरून रघुच्या एका सोबत्याने आणलेली सुकटीची पुडी. पुडी फुटलेली होती. तुम्हीच सांगा, ओलेत्याने केलेला, कुणी न चाखलेला नैवेद्य सुकटीच्या पोत्यात कसा घालायचा? दुसरे पोते नव्हते. सुकट खाली ठेवा म्हणायची सोय नव्हती, कारण तिला लाडवांपेक्षा जास्त वास. डबा वेगळा टांगा म्हटले असते तर डब्यात काय आहे ते सांगावे लागले असते, आणि मग तो कशासाठी हेही सांगावे लागले असते, ते रघुला कसे सांगणार? मी विचार केला, की पुस्तकात अन्न म्हटले आहे, आणि नैवेद्य दाखवीपर्यंत ते अन्न नव्हेच. मी डबा घोंगडीच्या घडीत गुंडाळला आणि उशाशी घेऊन झोपलो. रघु माझ्या शेजारीच होता. तो बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर होत होता. मला वाटले, सासऱ्याशेजारी झोपायचा संकोच असेल.

उजाडायच्या बेताला मला जाग आली. कुणीतरी कानाशी सूं-सूं करत होते. मी कोंडीरामाला कूस बदल म्हणून सांगितले. मग राहुटीचे कापड खालून उचलले गेले आणि एक ओले, लांब, मातकट नाक आत आले. त्याच्यामागे बाकीचे सगळे काळे होते. ते नाक माझ्या गालावरून गेले, त्याला माझ्यात काही विशेष वाटले नाही, आणि ते डब्यावर थांबले. मग त्याने डबा ओढला. आणि नाना, मीही डबा ओढला.

का ओढला, मला माहीत नाही. अजून अंघोळ झाली नव्हती, नैवेद्य दाखवला नव्हता, आणि तुमच्या बहिणीला काय सांगायचे, एवढेच डोक्यात आले. ते हुंकारले. त्यानंतर मी पुस्तकात करू नये म्हणून जेवढे लिहिले होते तेवढे सगळे केले, आणि बहुधा त्याच क्रमाने. पळालो. धोतराचे टोक राहुटीच्या खुंटीला अडकले, ते तिथेच राहिले. पुढे जांभळीचे झाड होते, त्याच्यावर चढलो. वर पाहतो तो कोंडीराम आधीच शेंड्याकडे बसलेला. तो पहाटे तांब्या घेऊन बाहेर गेला होता, परत येताना त्याने अस्वलाला आमच्या राहुटीत शिरताना पाहिले आणि आम्हाला न उठवता थेट झाडावर गेला. "तुका हाक मारलंय असतंय तर ता माझ्याकडे बघला असता," असे त्याचे म्हणणे. मग मी खाली पाहिले. अस्वल जांभळीच्या बुंध्याशी आले होते, कारण डबा माझ्या काखेत होता.

अशा जागेवरून माणूस नीट दिसतो. रघु राहुटीतून बाहेर आला तो पळत आला नाही. त्याने तिघा सोबत्यांना एका जागी अंगाला अंग लावून उभे केले, घोंगड्या पसरून धरायला सांगितल्या, आणि स्वतः दोन पावले पुढे होऊन, आपण म्हशीशी बोलतो तशा आवाजात अस्वलाशी बोलू लागला. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले. त्याच्या छातीवर पांढरा पट्टा होता. रघु तसाच उभा राहून, त्याच्यावरची नजर न काढता, मला म्हणाला, "मामा, डबा टाका. उताराकडे, लांब टाका."

मी वरून म्हटले, "नैवेद्य अजून दाखवला नाही."

तो त्याच म्हशीशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "मग तिथूनच दाखवा. पण लवकर."

(अजून सुपारीही फुटली नव्हती, आणि आगबोटीवर जो काका म्हणत होता तो मामा म्हणाला. जावयाने म्हणायचा शब्द त्याने आधीच म्हणून टाकला, हे मला त्या फांदीवरही जाणवले.)

मी गाऱ्हाणे घातले. "बा राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या डोंगरार इली, काय चुकला माकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा." खालून चौघांनी आणि वरून कोंडीरामाने, सवयीने, "व्हय म्हाराजा" केले. साळखात्यातला आवाज झाडावरून खाली आल्यावर अस्वल दचकून चारी पायांवर आले आणि पाऊलभर मागे सरले. "ह्यो लाडवाचो नैवेद मान्य करून घे, आणि माझ्या चेडवाचा लग्न—" इथे मी अडलो. कारण मी मागायला आलो होतो खोट, आणि खाली तो मुलगा माझ्या आणि अस्वलाच्या मध्ये उभा होता. "—चांगल्या घरात जुळव रे म्हाराजा." पुन्हा "व्हय म्हाराजा". हे रघुनेही म्हटले, आणि चांगले मोठ्याने म्हटले. मग मी डबा फेकला. तो उतारावर आपटून उघडला आणि अस्वलाने सगळे लाडू, बशीतला चहा ओढावा तसे, तोंडाने ओढून घेतले. शेवटी कोंडीरामाला राहवले नाही. त्याने वरून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" अशी आरोळी दिली, खालच्यांनी "झालाच पाहिजे" म्हटले, आणि अस्वल रानात निघून गेले. कोंडीराम आता लालबागेत सांगतो, की अस्वलाचा पाठिंबा मिळाला.

मी खाली उतरलो (चढताना कळले नाही, उतरताना तळहात सोलले). रघु एका दगडावर बसला होता. सदऱ्याची गुंडी तो पुन्हा पुन्हा चुकीच्या काजात घालत होता. म्हणजे तो घाबरला होता, माझ्याएवढाच. तरी तो जागेवरून हलला नाही. नाना, मी त्या दोन्ही खुणा तिथेच पुसल्या. मला तो एका शब्दाने बोलला नाही. फक्त म्हणाला, की आता अस्वलाला राहुटीत लाडू असतात हे कळले, ते पुढच्यांकडे येईल, यात त्याची चूक नाही. मग त्याने मातीतला कण नि कण वेचला, राहुटी मोडली आणि खालच्या गावात जाऊन जंगल रखवालदाराला सगळे सांगितले, म्हणजे तिथे दुसरे कुणी उतरू नये. धोतराच्या चिंध्या झाल्या होत्या, त्याही त्याने उचलून आणल्या.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. मी घरी येऊन तुमच्या बहिणीला हो म्हणून सांगितले, मालनने त्या दिवशी चहात साखर जास्त घातली. पण कोंडीरामाला गप्प कोण बसवणार? चिवड्याच्या दुकानापासून साळखात्यापर्यंत सगळ्यांना कळले, आणि तिथून ते गिरगावात गंगुबाईंना कळले. त्यांनी निरोप पाठवला, की मुलगी लाखात एक आहे, पण ज्या घरातला कर्ता पुरुष बजावून सांगितलेले ऐकत नाही आणि माझ्या मुलाला अस्वलापुढे उभे करून स्वतः झाडावर बसतो, त्या घराशी संबंध जोडावा का, याचा मला विचार करावा लागेल. मी मुलगा पाहायला गेलो आणि पाहिला गेलो मीच. निरोप आला त्या दिवसापासून मालन माझ्याशी अदबीने बोलते. ते फार जड जाते. तुमच्या बहिणीने नवा डबा आणला, पण तो कुलपात ठेवला आहे.

तुम्ही मोठे आहात, समजून घ्याल. वहिनींना नमस्कार. पोटाला जपा, सोलकढीत मिरची घालू नका.

तुमचा
गुणाजी

ता. क. आता जे मागायला पत्र लिहायला बसलो ते राहूनच गेले. तो नैवेद्य राखणदाराला पोचला की नाही, या विचाराने मला झोप येत नाही. अंघोळ झाली नव्हती, मी फांदीवर होतो, कमरेला धोतर नव्हते आणि खाल्ला तो अस्वलाने. ते अस्वल राखणदाराने धाडलेले होते असे कोंडीराम म्हणतो, पण कोंडीरामाच्या शब्दावर मुलीचे लग्न कसे सोडू? तेव्हा तुम्ही देवळात जाऊन गुरवाकरवी पाकळ्यांचा कौल लावून घ्या. नैवेद्य पावला असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, असे स्पष्ट विचारा. डावा आला तर पुन्हा ओलेत्याने लाडू करून मी एकटा तो डोंगर चढेन. गंगुबाईंनाही तुम्ही चार ओळी लिहा. माझ्याविषयी जे चांगले आठवेल ते लिहा. फार आठवले नाही तरी अक्षर मोठे काढा.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच रघु मावशीला घेऊन दारात. त्याने काल रात्री मावशीला सांगून टाकले, की चूक एकट्या मामांची नाही. त्या संध्याकाळी राहुटीत आडवा झाल्याबरोबर त्याला साजूक तुपाचा आणि वेलचीचा वास आला होता. डबा उशाशी आहे हे त्याला कळले होते. अर्धी रात्र तो, सांगू की नको, करत कूस बदलत राहिला आणि भीड पडून गप्प बसला. गंगुबाई त्याला माझ्यादेखत म्हणाल्या, "अस्वलासमोर उभा राहिलास आणि सासऱ्याला भ्यायलास? मग आता विचारायचं काय राहिलं, जावई तू झालासच." आणि आत जाऊन मालनच्या हातचा चहा प्यायल्या. सुपारी येत्या रविवारी फोडायची आहे, तुम्ही आणि वहिनींनी शनिवारच्या बोटीने यावेच.

तरीही कौल लावा. उजवा आला तर येताना सांगा. डावा आला तर सोमवारी सांगा.